सुदेकच्या खिडकीपाशी

1941 चा नोव्हेंबर. प्रागमधल्या उयेझ्द रस्त्यावर तुम्ही ट्रॅममधून उतरता तेव्हा दिवस कलायला लागलाय. भिंतीवरच्या लाल पोस्टरकडे बघायचं नाही असं ठरवूनही नजर जातेच. जर्मन आणि चेक, दोन्ही भाषांत छापलेलं. खाली नावं, गोळ्या घातलेल्या माणसांची. शहर जर्मनांच्या ताब्यात आहे. सप्टेंबरअखेर त्यांचा नवा नाझी प्रशासक हायड्रिख इथे आला आणि दुसऱ्याच दिवशी लष्करी कायदा लागू झाला. शेजारची बाई पोस्टर न वाचता झपाझप पुढे निघून जाते. तुम्हीही चला. गळ्यात कॅमेरा असेल तर कोटाच्या आत लपवा.

बोळातून मागच्या अंगणात या. तिथे लाकडी स्टुडिओ आणि समोर एक वाकडंतिकडं झाड. दार उघडतात ते योसेफ सुदेक. वय पंचेचाळीस, उजवी बाही रिकामी. मूळचे पुस्तकबांधणी करणारे. पहिल्या महायुद्धात इटालियन आघाडीवर हात गेला, त्याबरोबर तो धंदाही गेला. मग कॅमेरा आला. या शहराचे रस्ते, चर्च, जाहिरातींतल्या कपबश्या, सगळं त्यांनी टिपलंय. आता बाहेर तिपाई लावणं म्हणजे संशय ओढवून घेणं. म्हणून तिपाई आत, खिडकीसमोर.

बसा, पण काही हलवू नका. भला मोठा लाकडी कॅमेरा काचेकडे तोंड करून उभा आहे. आत शेगडीची ऊब, बाहेर गारठा. काचेवर वाफ धरलीय, त्यात तुमच्या श्वासाचीही भर पडतेय. एक थेंब जड होतो, घसरतो, त्याने पुसलेल्या रेघेतून झाडाची एकच फांदी दिसते. सुदेक एका हाताने कॅसेट सरकवतात, हात अपुरा पडला की दातांची मदत घेतात. लेन्स उघडली. आता थांबायचं. उजेड इतका कमी आहे की निगेटिव्हला तो सावकाश प्यावा लागतो. तुमचे कान अजून रस्त्याकडे आहेत. हळूहळू लक्षात येतं की बराच वेळ तुम्ही फक्त त्या थेंबांकडे बघताय.

तुमच्या काळात मोबाइलवर जुन्या फिल्मचा फिल्टर बोटाच्या एका टिचकीसरशी लागतो. सुदेकही मागेच वळले, पण अंगमेहनत करून. 1940 मध्ये फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या एका मूर्तीचा, 1900 च्या आसपास काढलेला फोटो त्यांच्या पाहण्यात आला. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून केलेला तो कॉन्टॅक्ट प्रिंट होता. दगडाचा पोत इतका उतरला होता, की त्यांनी एन्लार्जर वापरणंच सोडलं. तेव्हापासून जेवढी निगेटिव्ह तेवढाच फोटो.

असं खिडकीआड राहून फोटो काढण्याला पळवाट म्हणणारे भेटतील. मला ते पटत नाही. पळणारा माणूस एकाच काचेसमोर वर्षानुवर्षं कॅमेरा लावत नाही. भीती त्या खोलीतही आहेच, नुसती तिला काम लागलंय.

हवं तर चार वर्षं पुढे उडी मारा. 1945, हेच अंगण. छळछावण्यांतून वाचून आलेली सोन्या बुलाती नावाची तरुण मुलगी सुदेकांची मदतनीस झालीय. पुढे ती न्यूयॉर्कला जाईल, स्वतः फोटोग्राफर होईल आणि 1978 मध्ये सुदेकांवर पुस्तक काढेल. खिडकीचे फोटो मात्र 1954 पर्यंत चालूच राहतात. तोवर जर्मन जाऊन नऊ वर्षं झालेली असतात.