दोनदा आलेला पाहुणा

धारवाडहून हुबळीकडे येणाऱ्या आणि उलट दिशेने बेळगाव, कोल्हापूर मागे टाकीत पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण अजूनही पी. बी. रोड म्हणतो. महामार्गाचे क्रमांक बदलले, रस्ता चौपदरी झाला, गावाबाहेरून वळणरस्ते निघाले. पण पुणे-बंगळूर रस्ता ही जुनी ओळख लोकांच्या तोंडून गेली नाही. १९५६ सालापर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता आणि आपल्या भागाच्या व्यवहाराचे तोंड मुंबई-पुण्याकडे होते. कापूस तिकडे जाई, आणि मोटार नावाची नवलाई तिकडून येई. ही मोटार इंग्रजांच्या राज्यात आली असली, तरी बहुधा इंग्रजी नसे; ती अमेरिकन असे.

माझ्या लहानपणी, १९७०च्या सुमारास, हुबळीच्या बाजारात कापसाच्या गासड्या वाहणाऱ्या लॉऱ्यांमध्ये फुगीर नाकाची एखादी जुनी लॉरी दिसे. तिला सारे ‘शेवरलेट’ म्हणत. शेव्हरोले असा तिचा खरा उच्चार आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तिची निर्माती कंपनी त्या वेळी हा देश सोडून गेल्यास पंधरा-सोळा वर्षे झाली होती. पुढे नोकरीच्या काळात मोटारींच्या नोंदणीची कागदपत्रे वर्षानुवर्षे हाताखालून गेली. त्यातील उत्पादकाच्या नावाचा रकाना पाहिला की ती लॉरी आठवे. कंपनी निघून गेल्यावर तिच्या गाडीचे आणि गाडीच्या मालकाचे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीच्या भारतातील इतिहासात तो एकदा नव्हे, दोनदा उभा राहिला.

विल्यम ड्युरंट या उद्योजकाने १६ सप्टेंबर १९०८ रोजी मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे जनरल मोटर्सची स्थापना केली. मूळचा घोडागाड्यांचा हा कारखानदार मोटारी स्वतः घडविण्यापेक्षा मोटारी घडविणाऱ्या कंपन्या विकत घेण्यात वाकबगार होता. ब्युइक, ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक अशी नावे त्याने एका छत्राखाली आणली. लुई शेव्हरोले या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या शर्यतपटूच्या नावाने १९११ साली निघालेली कंपनीही पुढे त्यात सामील झाली. १९२३ साली आल्फ्रेड स्लोन अध्यक्ष झाले आणि त्यांनी या पसाऱ्याला शिस्त लावली. हेन्री फोर्डने सर्वांना एकच स्वस्त गाडी दिली. स्लोन यांनी कारकुनापासून धनिकापर्यंत प्रत्येकाच्या ऐपतीची वेगळी गाडी दिली. पुढे सात दशकांहून अधिक काळ ही कंपनी विक्रीत जगात पहिली राहिली.

मुंबईत तिने १९२८ साली शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. फोर्डची भारतीय कंपनी त्याआधी दोन वर्षे स्थापन झाली होती. शिवडीची जागा विचारपूर्वक निवडलेली होती. सुटे भाग लाकडी खोक्यांत भरून जहाजाने येत; गोदी जवळ, रेल्वे जवळ. अखंड मोटार आणण्यापेक्षा खोकी आणून येथे जुळणी करणे स्वस्त पडे. कॅनडातील ओशावा येथेही कंपनीचा मोठा कारखाना होता. साम्राज्यातील देश म्हणून तेथील माल आणणे सोयीचे होते आणि आपल्याकडे लागणारी उजव्या सुकाणूची गाडी तेथे तयार होई.

त्या काळी अमेरिकन गाडीच का लोकप्रिय झाली, याचे उत्तर आपल्या रस्त्यांत आहे. इंग्लंडमध्ये इंजिनाच्या अश्वशक्तीवर कर असल्याने तेथील कारखानदार लहान इंजिनाच्या, बुटक्या गाड्या करीत. अमेरिकेतील शेतकऱ्याचा रस्ता आपल्यासारखाच कच्चा होता. म्हणून तेथील गाडी जमिनीपासून उंच, पाट्यांनी भक्कम आणि दमदार इंजिनाची असे. धारवाड जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाके रुतत. तेथे शेव्हरोलेचा सांगाडा आणि त्यावर स्थानिक सुताराने चढविलेली लाकडी खोली, हीच पुष्कळदा खेड्यातील ‘सर्व्हिस मोटार’ असे. माझे वडील सांगत, की मोटार सुटण्याची वेळ घड्याळावर नव्हे, तर उतारू भरण्यावर ठरे. आणि पुढून हँडल मारून इंजिन चालू करणाऱ्या क्लीनरला गावात मामलेदाराखालोखाल मान असे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा याच मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या वायूची भट्टी बसविण्यात आली. मुंबईत जुळविलेले लष्करी ट्रक युद्धानंतर लिलावात निघाले आणि ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून लॉरीवाल्यांच्या हाती आले. १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याची पहिली एस. टी. पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हाच्या ताफ्यात एकूण दहा बनावटीच्या गाड्या होत्या. त्यांत शेव्हरोले होती आणि जनरल मोटर्सच्याच ब्रिटिश शाखेची बेडफर्डही होती.

मात्र या वैभवात एक पोकळी होती. शिवडीत मोटार जुळविली जाई, घडविली जात नसे. ही पोकळी ज्यांना प्रथम खुपली, त्यांत दोन नावे आपल्या भागाला जवळची आहेत. म्हैसूरचे दिवाणपद भूषविलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकून मुंबई इलाख्याच्या सेवेत घडलेले इंजिनिअर. १९३५ साली त्यांनी परदेशी जाऊन मोटारीचे कारखाने पाहिले आणि भारतात संपूर्ण मोटार तयार करण्याची योजना आखली. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारची सहानुभूती होती. परंतु १९३९ साली ते मंत्रिमंडळ गेले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्याशी वालचंदांची बोलणी फळाला आली नाहीत. अखेरीस क्रायस्लर ही तिसरी अमेरिकन कंपनी तयार झाली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हाच प्रश्न धोरण म्हणून हाती घेतला. १९४९ साली तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार ठरले, की ज्यांच्यापाशी टप्प्याटप्प्याने संपूर्ण उत्पादनाचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावे. केवळ जुळणी करणाऱ्यांनी व्यवसाय आवरावा. एवढ्या लहान बाजारपेठेसाठी ओतशाळा आणि यंत्रे उभारणे जनरल मोटर्सला परवडणारे वाटले नाही. १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला.

त्याच वर्षी टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी सहकार्य करून ट्रकचे उत्पादन सुरू केले. पंधरा वर्षांनी, १९६९ साली, तो करार संपला. गाडीच्या नाकावरचा तारा जाऊन टाटांचे अक्षर आले. गाडी मात्र चालतच राहिली, कारण तोवर तिचे बहुतेक भाग येथेच तयार होत होते. आज धारवाडजवळ बेलूर औद्योगिक वसाहतीत टाटांचा बसगाड्यांचा कारखाना आहे. १९५४ सालच्या त्या दोन घटनांची फळे इतकी भिन्न का, याचे उत्तर मला एका शब्दात द्यावेसे वाटते: मुळे. ज्याने मुळे धरली त्याचा परदेशी भागीदार गेला तरी झाड उभे राहिले. ज्याने केवळ कुंडी ठेवली होती, त्याने ती उचलली.

मग मालकांचे काय झाले? त्यांनी गाड्या टाकून दिल्या नाहीत. खरे तर येथून शेव्हरोलेचा दुसरा जन्म सुरू झाला. पेट्रोल पिणारे मूळ इंजिन काढून त्या जागी मद्रासच्या सिम्पसन कंपनीत तयार होणारे पर्किन्सचे डिझेल इंजिन बसविण्याची विद्या देशभरच्या मिस्त्रींनी आत्मसात केली. १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यावर तर ही शस्त्रक्रिया घरोघरची झाली. गिअरपेटी एका गाडीची, मागचा आस दुसरीचा, रेडिएटर तिसरीचा. तरी कागदावर आणि लोकांच्या तोंडी ती शेवरलेटच. न मिळणारा भाग लेथवर कातून काढणारे, पितळेचे बुश ओतून घेणारे, फुटलेल्या ब्लॉकला टाके घालणारे हे कारागीर इंग्रजी पुस्तिका वाचू शकत नव्हते. बोटांनी वाचत. हुबळीतल्या बाजारात मी पाहिलेली लॉरी अशांच्याच हातांनी जगविलेली होती.

कंपनी दुसऱ्यांदा आली ती १९९१च्या उदारीकरणानंतर. १९९४ साली हिंदुस्तान मोटर्सशी भागीदारी झाली आणि १९९६ पासून गुजरातेतील हालोल येथे ओपेल अॅस्ट्रा तयार होऊ लागली. १९९९ साली कंपनीने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. २००३ साली शेव्हरोले हे जुने नाव परतले आणि त्यामागून तवेरा, अॅव्हिओ, स्पार्क, बीट या गाड्या आल्या. परंतु नाव तेच असले तरी वंश बदलला होता. तवेरा मुळात जपानच्या इसुझूची. स्पार्क ही कोरियाच्या देवू कंपनीच्या मॅटिझची पुढची पिढी. सोनेरी चिन्ह तेवढे अमेरिकन होते. तरीही दहा माणसे आणि टपावर बोचकी घेऊन पंढरपूर, तुळजापूर, शिर्डीच्या वाटेने निघालेली तवेरा हे उत्तर कर्नाटकातले नित्याचे दृश्य झाले. आजोबांच्या सर्व्हिस मोटारीची ती नातच म्हणायची.

सप्टेंबर २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव येथे कंपनीचा दुसरा कारखाना सुरू झाला. त्यानंतर नऊ महिनेही झाले नव्हते, तोच १ जून २००९ रोजी मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. तेथील सरकारने बहुसंख्य भागभांडवल घेऊन तिला सावरले. भारतीय कारखाने त्या कारवाईबाहेर राहिले. पण मालकांच्या मनात पाल चुकचुकली असणारच. जुलै २०१३ मध्ये सुमारे १ लाख १४ हजार तवेरा दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या आणि उत्सर्जनाच्या चाचण्यांत गैरप्रकार झाल्याचे कंपनीनेच मान्य केले. २०१५ साली तिने भारतात १०० कोटी डॉलर गुंतविण्याची घोषणा केली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, मे २०१७ मध्ये, वर्षअखेरीस भारतातील विक्री थांबविण्याचा निर्णय जाहीर झाला. तेव्हा बाजारातील तिचा वाटा एक टक्काही उरला नव्हता.

हा निर्णय केवळ आपल्यापुरता नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. त्याच वर्षी कंपनीने युरोपातील ओपेल विकून टाकली आणि दक्षिण आफ्रिकेतून काढता पाय घेतला. २०२० साली ऑस्ट्रेलियातील होल्डन हे नाव मिटविले. विकलेल्या गाड्यांची हमी पाळण्याचे आणि सुटे भाग पुरविण्याचे आश्वासनही तिने भारतीय मालकांना दिले. तळेगावात निर्यातीसाठी बीट तयार होत राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबले. कारखाना चिनी कंपनीला विकण्याचा करार २०२२ साली बारगळला आणि पुढच्या वर्षी ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. इमारतीला नवा मालक मिळाला. ज्या हजाराहून अधिक कामगारांनी तेथे उमेदीची वर्षे घालविली, त्यांचा नोकरीसाठीचा झगडा मात्र दीर्घकाळ चालला. शिवडीच्या कामगारांचे काय झाले, ते इतिहासाने फारसे टिपले नाही. तळेगावच्या कामगारांना तरी तो विसरणार नाही, अशी आशा करू या.

मोटार विकत घेणे हा एका दिवसाचा सौदा नसतो. सरकार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी करते. आपले राज्य आजीवन कर आरंभीच भरून घेते. म्हणजे गाडी दीर्घकाळ चालेल, हे कायद्याने गृहीत धरले आहे. मालक तर तिला घरातले माणूस मानतो. दसऱ्याला तिला झेंडू वाहतो. कंपनीचा हिशेब मात्र तिमाहीचा. यात कोणी खलनायक आहे असे मी म्हणत नाही. दोन कालगणना आहेत, आणि त्यांचा मेळ बसत नाही. तो बसविण्याचे काम शेवटी ज्याच्यावर येते, त्याचे नाव नोंदणी पुस्तकाच्या कोणत्याही रकान्यात नसते.

माझ्या पुतण्याची २०१० सालची स्पार्क पंधरा वर्षे पुरी झाल्यावर पुनर्नोंदणीसाठी नेली, तेव्हा जुन्या सवयीने मीही सोबत गेलो. त्याआधी आठ दिवस ती आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे होती. जिथे मूळ भाग होते तिथे मूळ, नव्हते तिथे मॅटिझचे, आणि रबराची एक नळी तर कोणत्या गाडीची होती ते त्याने हसून सांगितलेच नाही. तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली. आणखी पाच वर्षांचा शिक्का मिळाला. नव्या कागदावर उत्पादक म्हणून जनरल मोटर्सचेच नाव आहे, आणि ते योग्यच आहे. जन्मदात्याचे नाव बदलत नाही. पण पी. बी. रोडने घरी येताना मला त्या फुगीर नाकाच्या लॉरीची आठवण झाली. तिला वाढविणारे हात कोणाचे होते हे मला ठाऊक नाही. या गाडीला वाढविणारे हात मी पाहिले आहेत.