डॉल्बी नावाचा माणूस आणि आपल्या गल्लीतली भिंत

गणपती जवळ आले की आपल्या उपनगरांत एक प्रश्न हमखास कानावर येतो. "यंदा डॉल्बी आहे ना?" मुलुंड घ्या, घाटकोपर घ्या, नाहीतर बोरिवली. डॉल्बी म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, आणि समोर उभं राहिलं की छातीत होणारी धडधड.

मंडळी, गंमत अशी की डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव आहे. रे डॉल्बी, अमेरिकन इंजिनिअर. आणि हा माणूस प्रसिद्ध झाला तो आवाज वाढवून नव्हे, नको असलेला आवाज कमी करून! १९६३ ते १९६५ या काळात तो संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. इथलं काम संपवून तो लंडनला गेला आणि १९६५ मध्येच त्याने डॉल्बी लॅबोरेटरीज काढली.

त्या वेळी सगळं ध्वनिमुद्रण टेपवर व्हायचं आणि टेपला स्वतःची एक सूं सूं असायची. गाणं हळू झालं की ती वर यायची. डॉल्बीने युक्ती काढली. टेपवर भरताना गाण्यातला हळू भाग मुद्दाम मोठा करून भरायचा आणि वाजवताना तेवढाच खाली आणायचा. गाणं होतं तसं राहतं, पण त्याच्यासोबत टेपची सूं सूं खाली जाते. पहिल्या यंत्राने ही खरखर साधारण १० डेसिबलने कमी झाली. म्हणजे ज्याने हळू आवाज वाचवला, त्याच्याच नावाने आपण आज भिंत भाड्याने आणतो.

हे सगळं डोक्यात यायला कारण झालं गेल्या वर्षीची एक मिरवणूक. भिंतीमागे मिक्सरवर बसलेल्या पोराला मी विचारलं, "अरे, गाण्याचा एक शब्द कळत नाहीये. जरा कमी करून नीट मिक्स कर की." विशीतला पोरगा, कानात कापसाचे बोळे. म्हणाला, "दादा, मला कळतं ओ. पण बाजूच्या मंडळापेक्षा कमी वाजलं तर हे लोक पैसे कापतात."

पोरगा चुकीचं बोलत नव्हता. पण चांगलं मिक्स म्हणजे काय, हे आपल्या या शहराला कधीकाळी फार चांगलं ठाऊक होतं. तो इतिहास जरा उलगडून बघू.

सुरुवात १९३१ ची. अर्देशीर इराणींचा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट. स्टुडिओ ग्रँट रोडला, रेल्वे रुळांच्या जवळ. दिवसा गाड्यांचा खडखडाट. मग करायचं काय? शेवटची गाडी गेल्यावर, मध्यरात्रीनंतर शूटिंग. गाणीही तिथेच, त्याच वेळी, वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड लपवून. मुंबईच्या चित्रपट संगीताची पहिली पायरी मोठा स्पीकर नव्हती. रात्रीची शांतता होती.

पुढचा टप्पा आपल्या उपनगरातला. मालाडला १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज उभी राहिली. तिचाच १९४९ चा 'महल'. संगीत खेमचंद प्रकाश यांचं, आणि 'आयेगा आनेवाला' गाणारी लता मंगेशकर तेव्हा विशीतली. गाण्याच्या सुरुवातीला आवाज लांबून येतो आणि हळूहळू जवळ येतो. आज हे काम कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत होतं. तेव्हा काय केलं, ते लताबाईंनीच पुढे मुलाखतीत सांगितलंय. माइक खोलीच्या मध्यभागी ठेवला. त्या लांब कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या ओळी गात गात एकेक पाऊल माइककडे आल्या. मुखडा सुरू व्हायच्या वेळी माइकसमोर. मिक्स जे काही होतं ते त्यांच्या पावलांत होतं!

एकाच माइकवर सगळं भरायचं त्या काळात अंतर हाच फेडर. गायिका जवळ, व्हायोलिनवाले त्यामागे, जोरात वाजणारी वाद्यं आणखी लांब. एखादं वाद्य जास्त ऐकू आलं तर वादकाने खुर्ची मागे सरकवायची. आणि कुणी कधी वाजवायचं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणी कधी गप्प बसायचं, हे कागदावर आधीच लिहिलेलं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजर मंडळींचं हे काम. गायकाचा आवाज आला की व्हायोलिनने बाजूला व्हायचं, ओळ संपली की रिकाम्या जागेत यायचं. आजही कुठल्याही इंजिनिअरला विचारा. निम्मं मिक्स अरेंजमेंटमध्येच झालेलं असतं.

मग परळचं राजकमल. व्ही. शांताराम यांचा स्टुडिओ, आणि तिथे मंगेश देसाई. हे नाव आपल्या मराठी माणसांनी विसरू नये. संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र करून चित्रपटाचा अंतिम ध्वनी बांधायचा, हे त्यांचं काम. सत्यजित राय यांच्यासारखा दिग्दर्शक त्यासाठी कोलकात्याहून त्यांच्याकडे यायचा. १९७५ च्या 'शोले'चं मिश्रणही त्यांच्या हातचं. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग आठवा. आपल्या लक्षात काय राहिलं? झोपाळ्याची कुरकुर. ती कुरकुर ऐकू यायची तर बाकी सगळं खाली आणावं लागतं. कशाला खाली आणायचं, हे ज्याला कळतं तो मिक्सचा माणूस.

पुढे अनेक ट्रॅकची यंत्रं आली. प्रत्येक वाद्य वेगळं भरता येऊ लागलं, आणि मग त्यांची भांडणं सोडवणं हे वेगळंच कसब झालं. भांडण म्हणजे काय ते सांगतो. ढोलाचा ठोका आणि बेस हे दोघंही खालच्या सुरांत, एकाच खोलीत राहायला बघतात. माणसाच्या बोलण्यातला स्पष्टपणा वरच्या पट्टीत, साधारण १ ते ४ हजार हर्ट्झच्या भागात असतो. गिटार, हार्मोनियम, सिंथ सगळे तिथेच घुसले तर शब्द बुडतात. इंजिनिअर काय करतो? गिटारमधला तेवढाच भाग थोडा कापतो, एकाला डावीकडे बसवतो, दुसऱ्याला उजवीकडे, कोरसला जरा मागे ढकलतो. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं नांदवायची असतात ना, तसंच. जागा वाढत नाही. एकाने सरकायचं असतं.

आणि यातली महत्त्वाची गोष्ट. मोठा आवाज कानाला फसवतो. हळू आवाजात माणसाला बेस कमी ऐकू येतो, मोठा केला की तोच भरदार वाटतो. हे १९३३ मध्येच फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी मोजून दाखवलं होतं. म्हणून मोठं वाजलेलं गाणं पहिल्या क्षणी चांगलंच वाटतं. या फसवणुकीपायी जगभरच्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं गाणी एकमेकांपेक्षा मोठी करत नेली. हळू-मोठा हा फरकच दाबून टाकला. शेवटी स्पॉटिफाय, यूट्यूब यांनी सगळी गाणी ठरलेल्या पातळीच्या आसपास आणून वाजवायला सुरुवात केली. मुद्दाम मोठं केलेलं गाणं तिथे आपोआप खाली येतं, आणि दाबून सपाट केलेलं असल्यामुळे उलट मलूल वाटतं. मंडळामंडळांत आज जी चढाओढ आहे ती संगीताच्या धंद्यात आधीच होऊन गेली. त्यात कुणीच जिंकलं नाही.

आता भिंतीकडे येऊ. नव्वदच्या दशकात थिएटरच्या जाहिरातींत 'डॉल्बी' शब्द आला. थिएटरमधला तो दणदणीत आवाज लोकांना आवडला आणि शब्द रस्त्यावरच्या स्पीकरला चिकटला. पण थिएटरमधली खरी करामत दणक्यात नव्हती. दणक्याच्या आधी जी शांतता ऐकू यायची, तिच्यात होती.

भिंतीवर होतं काय? बेस इतका चढवला जातो की तो वरचे सूर झाकतो. 'सैराट'च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडच्या सोनी स्टेजवर वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. 'याड लागलं' घरी हेडफोनवर ऐका आणि मग भिंतीवर ऐका. एवढा खटाटोप करून आणलेली व्हायोलिनं भिंतीसमोर कुठे जातात? ५० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी जवळपास ७ मीटर असते. ती तुमच्या खिडकीने अडत नाही. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना गाणं ऐकू येत नाही, नुसती धडधड ऐकू येते.

आकडे तर सगळ्यांना माहीत असावेत. २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते ६. आवाज फाउंडेशनच्या मोजणीत गणेशोत्सवात शंभरच्या पुढचे आकडे वर्षानुवर्षं आलेत. ५५ आणि १०० यांत दुप्पट फरक वाटतो, पण डेसिबलचं गणित तसं नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे १०० डेसिबलला ती ५५ च्या तीस हजार पटींहून जास्त! जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि तक्रारदाराची ओळख जाहीर न करता पोलिसांनी कारवाई करावी. तेव्हा हा प्रश्न एका धर्माचा नाही. सण बंद करा असंही मी म्हणत नाही. गणपतीत मीही नाचलोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की मंडळांनी ऑपरेटरला पैसे आवाजाचे देऊ नयेत, कानाचे द्यावेत. एक साधी परीक्षा आहे. गाणं अगदी हळू लावा. शब्द कळतात का, ठेका कळतो का, दोन्ही आपापल्या जागी आहेत का? असतील तर मिक्स चांगलं. हळू लावल्यावर जे कळत नाही, ते मोठं केल्यावरही कळणार नाही, नुसतं लागेल. अंधेरीच्या गल्ल्यागल्ल्यांत छोटे स्टुडिओ आहेत, तिथली पोरं रोज हेच करतात. एखाद्या मंडळाने त्यांच्यातल्या एकाला मिरवणुकीआधी तासभर बोलावून सिस्टीम नीट लावून घेतली तर बेंजोवाल्यालाही बरं आणि आजींनाही.

तो मिक्सरवरचा पोरगा अजून डोक्यात आहे. कापसाचे ते बोळे फारसे कामाचे नसतात. पाच-दहा वर्षांनी त्याच्या कानाचं काय होणार, हे त्याला पैसे देणाऱ्यांपैकी कुणी विचारलंय का?

अर्देशीर इराणी रात्री शेवटची गाडी जायची वाट बघायचे. कारण गाणं शांततेवरच उभं राहतं, हे त्यांना पहिल्याच बोलपटात कळलं होतं. ९० वर्षं उलटून गेली. यंदा निदान आपल्या गल्लीत तरी गाण्याचे शब्द ऐकू येऊ देत.

तुमच्या मंडळाच्या बैठकीत हा विषय काढून बघा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.