एक तार, चार झाकणं

गोंदियाजवळ आमच्या काकांची राईस मिल आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीला गेलो, तर काका म्हणाले, "बाबू, तू इंजिनियर आहेस ना, मग येवढं करून दे." मशीनला चार झाकणं. कुठलंही उघडलं की मोटार थांबावी, आणि कुठलं उघडलं तेही कळावं.

मायक्रोकंट्रोलरची एकच अ‍ॅनालॉग पिन शिल्लक होती. म्हटलं, सोप्पंय! पिनवर ५ व्होल्टकडून १० किलोओहमचा रेझिस्टर, आणि प्रत्येक झाकणाच्या स्विचला जमिनीकडे जाणारा वेगळा रेझिस्टर: २.२, ४.७, १०, २२ किलोओहम. झाकण उघडलं की स्विच जुळणार, व्होल्टेज बदलणार. ० ते १०२३ मधला आकडा वाचायचा, झालं. सगळी झाकणं बंद म्हणजे १०२३.

दीड महिन्याने काकांचा फोन. झाकण उघडं, मोटार चालू, आणि एकाचा हात पट्ट्याजवळ. ऑपरेटरने मेन स्विच पाडला म्हणून बोटं वाचली. उंदराने तार कुरतडली होती. तुटलेली तारही १०२३ च दाखवते, आणि माझा प्रोग्रॅम त्याला "सगळं ठीक" म्हणत होता. चूक उंदराची नव्हती.

तेव्हा आजोबांची आठवण झाली. ते रेल्वेत होते. गोंदियावरून जाणारा नागपूर-हावडा मार्ग जुन्या बेंगाल नागपूर रेल्वेचा, ती कंपनी १८८७ सालची. लहानपणी आजोबांनी स्टेशनात ब्लॉक यंत्राची सुई दाखवली होती. एका बाजूला कलली तर "लाईन क्लियर", दुसऱ्या बाजूला "ट्रेन ऑन लाईन", सरळ उभी तर "लाईन क्लोज्ड".

ही सुई आली तारायंत्रातून. १८३७ मध्ये कुक आणि व्हीटस्टन यांच्या तारायंत्राला पाच सुया होत्या, आणि तेवढ्याच तारा. तार महाग, म्हणून हळूहळू एका सुईवर आले. १८३८ मध्ये श्टाइनहाइल यांनी परतीची तार काढून जमीनच वापरली. एका तारेत तीन गोष्टी मावतात: करंट इकडून, करंट तिकडून, आणि करंट नाही.

खरी हुशारी पुढे आहे. १८५५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडविन क्लार्क यांनी सुई सतत करंटने कललेली ठेवली. तार तुटली की सुई आपोआप सरळ, म्हणजे गाडी सोडायची नाही! आजोबांच्या यंत्रातही तेच: करंट गेला की "लाईन क्लियर" गेलं, आणि त्याशिवाय शेवटचा सिग्नल पडत नाही. "काहीच नाही" या अवस्थेला त्यांनी "चला" असा अर्थ दिलाच नाही. मी नेमका तोच दिला होता.

दुरुस्ती एका रेझिस्टरची. तारेच्या पार शेवटच्या टोकाला ४७ किलोओहम कायमचा लावला. आता सगळं बंद असताना आकडा ८४३ च्या आसपास. झाकणं उघडली की साधारण ६१४, ४६२, ३०६, १७८. तार तुटली तर १०२३, शॉर्ट झाली तर ०. दोन झाकणं एकदम उघडली तर कुठली ते नीट कळत नाही, पण आकडा ८४३ च्या खालीच जातो. नियम एकच: ८०० ते ८९० असेल तरच मोटार चालेल, बाकी काहीही असो, बंद. आणि हो, मोटारीची वायर थेट तोडणारं लाल बटण वेगळं लावलं, ते प्रोग्रॅमवर सोडलं नाही.

उंदीर अजून आहेतच. आता तार कुरतडली की मिल थांबते आणि काका मला फोनवर शिव्या देतात. चालेल.