पत्र्याच्या ट्रंका आणि एक साडी : नलिनी मलानी यांचा रंगमंच

#थ्रेड

पत्र्याच्या बारा ट्रंका जमिनीवर मांडलेल्या. आत अंथरूण-पांघरूण आणि त्यातच ठेवलेले दूरचित्रवाणीचे पडदे. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया दिसतात, एक भारतातली, एक पाकिस्तानातली. दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात आणि ती काही जमत नाही. पाहणारा नेमका त्या दोघींच्या मधोमध उभा असतो.

ही मांडणी १९९८-९९ची. मे १९९८मध्ये आधी पोखरणला आणि मग चगाईला अणुस्फोट झाले. त्यावर मुंबईच्या चित्रकर्ती नलिनी मलानी यांनी दिलेले हे उत्तर. आधार होता मंटोच्या ‘टोबा टेक सिंग’ या फाळणीवरील कथेचा. मंटो स्वतः १९४८मध्ये मुंबई सोडून लाहोरला गेला होता. मलानींचा प्रवास उलट दिशेचा. जन्म १९४६, कराची. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि कुटुंब आधी कोलकात्यास व पुढे मुंबईस आले.

म्हणजे त्या हिंसेची त्यांना स्वतःची आठवण असणे शक्य नाही. जे आहे ते घरात ऐकलेले. माझ्या मते त्यांच्या कलेचे मूळ इथेच शोधावे.

जे. जे. कला महाविद्यालयात शिकत असताना त्यांचा स्टुडिओ भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये होता. चित्रकार, नट, वादक एकाच छपराखाली काम करीत असल्याने चित्र आणि नाटक या वेगळ्या खोल्या आहेत, असे तिथे कोणाला वाटत नसावे.

ऑगस्ट १९९२मध्ये त्यांनी केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवरच चित्रे काढली. प्रदर्शन संपताच ती पुसली गेली. चार महिन्यांनी बाबरी मशीद पाडण्यात आली आणि मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेले मृत्यू ९००.

१९९३मध्ये त्याच होरपळलेल्या शहरात हायनर म्युलरचे ‘मेडियामटेरियल’ उभे राहिले. अभिनय अलकनंदा समर्थ यांचा, दृश्यरचना मलानींची. मेडिया म्हणजे पतीसाठी आपला देश आणि आपली माणसे सोडलेली, अन् परक्या भूमीत त्यानेच टाकलेली स्त्री. ग्रीक पुराणातली ही निर्वासिता त्या वर्षी मुंबईला परकी वाटली असेल, असे मला वाटत नाही. पुढे अनुराधा कपूर यांच्यासह ब्रेख्तच्या कथेवर ‘द जॉब’ केले. त्यात मृत नवऱ्याची नोकरी टिकवण्यासाठी एक बाई पुरुषाचा वेष घेते.

नंतर नटही गेले, उरल्या सावल्या. पारदर्शक नळकांड्यांवर उलट बाजूने रंगवलेली चित्रे फिरत राहतात, त्यांतून प्रकाश जातो आणि भिंतीवर आकृत्या सरकतात. (पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तंत्र अनोळखी वाटणार नाही.) फरक एवढाच की इथे प्रेक्षक बसलेला नसतो. तो वाटेत आला की त्याचीही सावली त्या आकृत्यांत मिसळते.