गोधडीच्या पाठीवरचे नाव

आमच्या घरी एक जुनी गोधडी आहे. वरच्या अंगाला लुगड्यांचे तुकडे, पोटात आजोबांची विरलेली धोतरे, आणि काठापासून आत आत गेलेला पांढरा धावदोरा. ती आमच्या आजीने शिवली असे घरात म्हणतात. म्हणतात एवढेच, कारण गोधडीवर तसे काही लिहिलेले नाही. श्रोत्यांपैकी ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी वाकळ असेल त्यांनी ती उलगडून पाहावी. तिच्यावरही नाव सापडणार नाही.

याचा अर्थ कापडावर लिहिण्याची विद्या आपल्याला अवगत नव्हती, असा मात्र नव्हे. बिब्ब्याच्या रसाने परीट कपड्यांवर खुणा घालीत आणि त्या खुणा कापड झिजले तरी जात नसत. इंग्रजांनी बिब्ब्याला नावच मुळी ‘खुणेचे फळ’ अशा अर्थाचे दिले. आहेराच्या तांब्याभांड्यांवरही आपण नावे कोरून घेत आलो. पण परटाची खूण मालकाची आणि भांड्यावरचे नाव देणाऱ्याचे. करणाराचे नाव घालावे हे कोणाच्या मनात आले नाही. आणि करणारी बाई असेल, तिला अक्षरओळख नसेल, तर प्रश्नच मिटला.

अमेरिकेत १८४० च्या सुमारास निराळी चाल पडली. लोहयुक्त जुन्या शाईने कापड हळूहळू खाल्ले जाई. पुढे न धुपणारी आणि कापडाला कमी बाधणारी शाई बाजारात आली, तेव्हा तिथल्या बायका गोधडीच्या एकेका चौकोनावर आपापले नाव घालू लागल्या. कोणी कुटुंब पश्चिमेकडे नव्या वस्तीला निघाले की मैत्रिणी असे चौकोन जोडून द्यायच्या. ज्यांचे अक्षर बरे नसे त्यांची नावे चांगल्या अक्षराची एखादी बाई लिहून देई. म्हणजे सही देखील पुष्कळदा दुसरीच्या हातची!

पण नाव घालता येणे आणि नाव घालू दिले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १८४१ साली ‘राजा’ नावाचे जहाज इंग्लंडहून सुमारे १८० शिक्षा झालेल्या स्त्रियांना घेऊन टास्मानियाकडे निघाले. कैदी स्त्रियांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळाने त्यांना सुया, दोरे, कापडाचे तुकडे दिले होते. साडेतीन महिन्यांच्या त्या प्रवासात काही जणींनी मिळून २८१५ तुकड्यांची एक चादर शिवली. आज ती कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. तिच्या कडेला रेशमी दोऱ्याने चांगला लांबलचक मजकूर भरला आहे. त्यात मंडळातील स्त्रियांचे आभार आहेत, जहाजाचे नाव आहे, साल आणि महिना आहे. शिवणारी एकही बाई मात्र त्यात नावाने नाही. आभार मानण्यापुरती अक्षरे त्यांच्या वाट्याला आली.

हॅरिएट पॉवर्स हिची कथा याहून मनाला लागणारी आहे. ही जॉर्जियातील निग्रो स्त्री १८३७ मध्ये गुलामगिरीत जन्मली. यादवी युद्धानंतर ती मुक्त झाली. बायबलातील प्रसंग कापडी आकृत्यांनी टाचलेली तिची ११ चौकटींची गोधडी १८८६ साली अथेन्स गावच्या कापूस-प्रदर्शनात मांडली होती. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती विकत मागितली. पॉवर्सबाईंनी साफ नकार दिला. पुढे दिवस वाईट आले आणि त्यांनी आपण होऊन ती विकायला काढली. मागितले १० डॉलर, मिळाले ५. नवऱ्याच्या आग्रहाने त्यांनी ते घेतले. देताना एकेका चौकटीचा अर्थ मात्र त्यांनी नीट समजावून सांगितला आणि स्मिथबाईंनी तो उतरून घेतला. आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ती गोधडी लोकांना ‘वाचता’ येते, ती या टिपणामुळे. पुढे पॉवर्सबाई आपली गोधडी पाहायला अनेकदा त्या घरी जात. लेकीला सासरी भेटायला जावे तसे, असे आम्हाला वाटते. पण सासरी गेलेल्या लेकीचे कोणी पैसे घेतलेले नसतात.

आणि एकदा तर नाव हेच गोधडीचे प्रयोजन ठरले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. जपान्यांनी गोऱ्या नागरिकांना चांगीच्या तुरुंगात कोंडले. पुरुष एकीकडे, बायकामुले दुसरीकडे. नवरा जिवंत आहे की नाही हे बायकोला कळेना, बायकोचे नवऱ्याला कळेना. एथेल मुल्व्हनी या कॅनेडियन बाईने युक्ती काढली: प्रत्येकीने सहा इंची पांढऱ्या तुकड्यावर आपले नाव भरावे, त्याबरोबर आपली अशी एखादी खूण भरावी, आणि ६६ तुकड्यांची एकेक गोधडी जखमी सैनिकांच्या इस्पितळाला पाठवावी. ब्रिटिशांसाठी एक, ऑस्ट्रेलियनांसाठी एक, आणि चतुराई अशी की जपानी जखमींसाठीही एक. मग अधिकारी अडवतील कशाला? नावे भिंतीपलीकडे गेली. ऑस्ट्रेलियन गोधडीच्या पाठीवर ती कोणाकडून, कोणासाठी, आणि युद्ध संपल्यावर कोणाला द्यावी हे भरलेले आहे. शेवटी एक सूचनाही आहे: ही पाण्यात न धुता कोरडी धुवावी! तुरुंगात बसलेल्या बाईने धुण्याची काळजी वाहावी, यात शिवणाऱ्या हाताचा सारा स्वभाव आला.

हल्ली घरी गोधड्या शिवणाऱ्या स्त्रिया पाठीच्या कोपऱ्यात लहानशी नावपट्टी लावतात. तीत फारशी कारागिरी नाही. मऊ सुती कापडाला खळ द्यावी किंवा त्यामागे मेणकापडासारखा कागद इस्त्रीने चिकटवावा, म्हणजे लेखणी अडखळत नाही. न जाणाऱ्या शाईने लिहावे, इस्त्री फिरवावी, कडा दुमडून बारीक टाक्यांनी शिवून टाकावे. टाका अस्तरातच राहावा, वर उमटू नये. कोणी, कोणासाठी, कुठे, कोणत्या साली, एवढे पुरे.

आम्हीही तसे करायचे ठरवले. आत्या नव्वदीच्या आहेत. त्यांच्या मांडीवर गोधडी पसरली, तेव्हा डोळ्यांपेक्षा बोटांनीच त्यांनी तुकडे ओळखले. ही थोरल्या काकूची इरकल, हे माझे परकराचे कापड, हा बाळंतपणात गेलेल्या वहिनीचा पदर. नऊ तुकडे झाले. बाकीच्यांवरून बोटे नुसती फिरली. आम्ही नऊही लिहून घेतले.

मग पट्टीवर आजीचे नाव घालण्याची वेळ आली. सासरचे नाव सर्वांना ठाऊक होते. पण लग्नात ते बदललेले, माहेरचे काय? आत्या बराच वेळ विचार करीत बसल्या. “आईला आईच म्हणत होतो रे आम्ही,” त्या म्हणाल्या. पट्टीवर सासरचे नाव भरले आहे. त्याच्या आधी चार बोटे जागा कोरी सोडली आहे.