तारेपासून भोंग्यापर्यंत : बुलढाणा जिल्ह्यातील बेंजो आणि आवाज वाढवण्याच्या जागेचा प्रश्न

विजेवर वाजणाऱ्या तंतुवाद्यात तारेचे कंपन आधी क्षीण विद्युतसंकेतात बदलते आणि हा संकेत एकामागून एक जोडलेल्या यंत्रांतून जात अखेरीस कर्ण्यातून पुन्हा हवेत उतरतो. यंत्रांच्या या ओळीला संकेताची साखळी म्हणता येते आणि या साखळीत मूळ स्वराचा रंग शक्यतो न बदलता केवळ त्याचे बळ वाढवणाऱ्या लहानशा यंत्राला बूस्टर म्हणतात. बूस्टर साखळीच्या आरंभी बसवावा, मध्ये बसवावा की शेवटी, हा प्रश्न पाश्चात्त्य गिटारवादनाच्या इतिहासात 1960 नंतरच्या दशकात ठळकपणे पुढे आला. बुलढाणा जिल्ह्यात तोच प्रश्न मुख्यतः बेंजोच्या रूपाने उभा राहिला आणि त्याचे उत्तर लग्नाच्या वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत आणि उरुसाच्या वाटेवर शोधले गेले. आवाज नेमका कोठे वाढवायचा या निवडीत वादकाचे कसब, यंत्राची मर्यादा आणि खर्चाचा हिशेब हे तिन्ही गुंतलेले असतात, म्हणूनच या लहानशा तांत्रिक प्रश्नाला एका व्यवसायाचा इतिहास चिकटलेला आहे.

अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत : घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा, तर घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. दोन्ही भागांत मिरवणुकीची जुनी वाद्ये म्हणजे डफडे, सनई आणि ताशा, आणि या वाद्यांत आवाज वाढवण्याची जागा एकच होती, ती म्हणजे वाजवणाऱ्याचा दम आणि हात. दुसरा उपाय होता तो माणसे वाढवण्याचा. शेगावच्या पालखीसोबत चालणाऱ्या दिंडीत टाळकऱ्यांची संख्या वाढली की नाद भरतो हे सर्वांना ठाऊक असते. ध्वनिशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर दहाचे वीस टाळकरी झाले की आवाजाची पातळी 3 डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे 10 डेसिबलची, म्हणजे जवळजवळ दसपट टाळकऱ्यांची गरज पडते. नाद वाढवणे मुळात किती महाग असते, हे या एका हिशेबावरून ध्यानात यावे. विजेने हा हिशेब बदलला, पण तो साखळीच्या कोणत्या टोकाला बदलला यावर पुढचे सारे अवलंबून राहिले.

बेंजो या नावाने ओळखले जाणारे वाद्य अमेरिकेतील कातडी मढवलेल्या बँजोपेक्षा पूर्णपणे वेगळे आहे. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये ताइशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. लाकडी पेटीवर ताणलेल्या धातूच्या तारा आणि त्या तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा अशी त्याची रचना होती. डाव्या हाताने कळ दाबली की तारेची कंप पावणारी लांबी ठरते आणि उजव्या हातातील नखीने तार छेडली की स्वर उमटतो, त्यामुळे पडद्यांवर बोटे बसवण्याची वर्षानुवर्षांची साधना नसलेल्या माणसालाही त्यावर गाण्याची चाल काढता येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे वाद्य भारतीय उपखंडात पोहोचले आणि बुलबुलतरंग या नावाने रुळले; बलुचिस्तानात ते बेंजू झाले, महाराष्ट्रात बेंजो. स्वरांच्या तारांखेरीज त्यात एकच स्वर धरून ठेवणाऱ्या साथीच्या तारा असतात, आणि तंबोऱ्याच्या आधाराची सवय असलेल्या कानांना हे वाद्य परके वाटले नाही, यामागे या साथीच्या तारांचा वाटा मोठा असावा. या वाद्याची उणीव मात्र पहिल्यापासून स्पष्ट होती : त्याची पेटी लहान आणि उथळ, त्यामुळे खोलीबाहेर त्याचा आवाज जात नसे.

ही उणीव भरून निघाल्याशिवाय बेंजोला मिरवणुकीत स्थान मिळणे शक्य नव्हते, पण बैठकीत मात्र त्याचा शिरकाव आधीच झाला होता. कव्वालीच्या संचात हार्मोनियमच्या जोडीने बेंजो वाजू लागला, कारण गायकाची ओळ संपते तेथे तीच ओळ चपळाईने परत म्हणण्याचे काम त्याच्या कळांना सहज जमते. पुढे कव्वालीच्या ढंगाने रचलेल्या भीमगीतांच्या कार्यक्रमांतही तो आला. बुलढाणा जिल्ह्यात या परंपरेला सैलानी येथील दर्ग्यामुळे मोठे क्षेत्र मिळाले. होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानीबाबांच्या यात्रेला सर्व धर्मांचे लोक दूरदूरहून येतात, होळीत नारळ अर्पण करतात, आणि पिंपळगाव सराईहून संदलाची मिरवणूक निघते. संदल म्हणजे चंदनाचा लेप, आणि तो वाजतगाजत दर्ग्यापर्यंत नेण्याचा सोहळाही संदलच. विदर्भात पुढे मिरवणुकीतील दणदणीत वाद्यसंचालाच संदल म्हणण्याची पद्धत पडली, मग तो लग्नाचा असो वा गणपतीचा. चंदनाच्या सुगंधाचे नाव वाद्यांच्या गजराला मिळावे, हा भाषेचा प्रवास लोकजीवनातील सरमिसळीची साक्ष देणारा आहे आणि तो जपून नोंदवण्याजोगा आहे.

बैठकीतून रस्त्यावर येण्यासाठी बेंजोला तीन गोष्टींची गरज होती : पिकअप, अॅम्प्लिफायर आणि भोंगा. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार त्याच्यावर हलली की वेटोळ्यात क्षीण विद्युतसंकेत निर्माण होतो, आणि हे तत्त्व गिटारसाठी 1930 नंतरच्या पहिल्याच वर्षांत अमेरिकेत उपयोगात आले होते. बेंजोच्या तारा मुळात पोलादी असल्यामुळे तेच तत्त्व त्याला विनासायास लागू पडले. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना 20 जून 1960 रोजी झाली आणि पुढच्या दशकांत गावोगावी वीज पोहोचू लागली, तरी चालत्या मिरवणुकीला खांबावरची वीज उपयोगी नसते. तिला 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर आणि हातगाडीवर बांधलेला भोंगा हवा असतो. भोंग्याचा विशेष असा की साधा ध्वनिक्षेपक त्याला मिळालेल्या विद्युतशक्तीचा शेकडा एक-दोन भागच ध्वनीत बदलतो, तर भोंगा त्याच्या अनेक पट ध्वनी देतो, मात्र खर्जाचे स्वर त्याला पेलत नाहीत. बेंजोचा आवाज मध्य आणि तार पट्टीतला, धातूच्या झणकाराचा. त्यामुळे भोंगा आणि बेंजो यांची जोडी जमली. ढोल-ताशाला यंत्राची गरज नव्हती, गायकाला भोंगा पुरेसा न्याय देत नव्हता, आणि या दोहोंमधली रिकामी जागा बेंजोने भरली.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. पिकअपमधून निघालेला संकेत इतका नाजूक असतो की लांब वायरीतून जाताना त्याची धार बोथट होते आणि वाटेत गोळा होणारी घरघर त्याच्या बरोबरीला येते. बेल प्रयोगशाळेतील अभियंता हॅराल्ड फ्रीस यांनी 1944 मध्ये रेडिओ-ग्राहकांसंदर्भात दाखवून दिले की साखळीतील एकूण गोंगाट मुख्यत्वे पहिल्या टप्प्यावर ठरतो. पहिला टप्पा स्वच्छ आणि पुरेसा बलवान असेल तर पुढच्या टप्प्यांचे दोष झाकले जातात, आणि पहिलाच टप्पा दुबळा असेल तर पुढे कितीही वाढ केली तरी स्वराबरोबर घरघरही तेवढीच वाढते. हा नियम बेंजोलाही लागू आहे. म्हणून पिकअपच्या अगदी लगत, वाद्याच्या पेटीतच 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे लहान वर्धक मंडल बसवणे हा स्वच्छ आवाजासाठीचा सर्वांत शहाणा उपाय ठरतो. इंग्लंडमध्ये 1965 च्या सुमारास आलेले डॅलस रेंजमास्टर आणि अमेरिकेत इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने 1969 मध्ये आणलेले एलपीबी-1 ही यंत्रे साखळीत याच जागी, वाद्य आणि अॅम्प्लिफायर यांच्या मध्ये बसत, पण त्यांचा लोकप्रिय उपयोग वेगळा होता : वाढवलेल्या संकेताने निर्वात नळ्यांचा अॅम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलायचा आणि त्यातून उमटणारा जाड, गुरगुरता स्वर मुद्दाम मिळवायचा. मिरवणुकीतील अॅम्प्लिफायर ट्रान्झिस्टरचा झाला, आणि ट्रान्झिस्टर मर्यादा ओलांडली की संकेताचा माथा एकदम कापतो, ज्याला लोकभाषेत आवाज फाटणे म्हणतात. एकाच जागी बसवलेला बूस्टर एका साखळीत सौंदर्य ठरतो आणि दुसरीत दोष. त्यामुळे बूस्टरची जागा ठरवताना तो कशाच्या आधी बसतो याइतकेच, पुढच्या यंत्रात किती वाव शिल्लक आहे हे पाहावे लागते.

मधल्या जागेचा प्रश्न इकोने निर्माण केला. इको म्हणजे स्वराची क्षीण होत जाणारी पुनरावृत्ती घडवणारे यंत्र. आरंभी ते चुंबकीय फितीवर चाले, नंतर इलेक्ट्रॉनिक झाले. बूस्टर इकोच्या आधी असेल तर इकोला भरघोस संकेत मिळतो आणि त्याची स्वतःची सळसळ मागे पडते, पण संकेत प्रमाणाबाहेर गेला तर पुनरावृत्त्याच फाटक्या निघतात. तो इकोनंतर असेल तर स्वर, पुनरावृत्ती आणि सळसळ ही सारी एकत्र वर येतात, आणि मुखड्याच्या वेळी संपूर्ण नादच एका पायरीने चढवायचा असेल तर ही रचना सोयीची पडते. पहिली रचना वादकाच्या हाताला प्रतिसाद देणारी आहे, कारण नखीचा जोर बदलला की पुढचे सारे बदलते. या कारणासाठी तिला अधिक मोलाची मानणे योग्य ठरेल.

साखळीच्या अखेरच्या टोकाचे गणित मात्र निराळे आहे आणि या व्यवसायाचे भवितव्य त्याच टोकाला ठरले. आरंभी 20 डेसिबलची वाढ म्हणजे व्होल्टेज दसपट करणे, आणि क्षीण संकेताच्या बाबतीत त्याला एक लहान बॅटरी पुरते. अखेरीस तेवढीच वाढ हवी असेल तर शक्ती शंभरपट लागते, म्हणजे 30 वॉटच्या जागी 3000 वॉट, बॅटरीच्या जागी जनरेटर आणि हातगाडीच्या जागी ट्रॅक्टर किंवा मालवाहू गाडी. डीजे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ध्वनियंत्रणेने हाच मार्ग घेतला. तिच्यात खर्जाचे मोठे ध्वनिक्षेपक आले, ध्वनिमुद्रित गाणी आली, आणि बेंजोच्या जागी अनेकदा कीबोर्ड आला. आवाज वाढवण्याची सत्ता साखळीच्या तोंडाशी असलेल्या वादकाच्या हातून शेपटाकडच्या यंत्रमालकाच्या हाती गेली, कारण मोठी गुंतवणूक तेथे होती. ज्याने वर्षानुवर्षे कळांवर चाली बसवल्या तो या नव्या व्यवस्थेत रोजंदारीचा माणूस ठरावा, ही लोकसंगीताची खरी हानी आहे.

कायद्याचे लक्षही याच टोकावर आहे. ध्वनिप्रदूषण नियम 14 फेब्रुवारी 2000 पासून लागू झाले; त्यांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 आणि रात्रीची 45 डेसिबल आहे, सार्वजनिक ठिकाणाच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने अधिक किंवा 75 डेसिबल यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये, आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो, याला वर्षातील मोजक्या सणांच्या दिवशीच सवलत मिळते. साखळीच्या आरंभी केलेली वाढ स्वर स्पष्ट करते आणि अखेरीस केलेली वाढ भिंती हादरवते हा भेद नियमाच्या भाषेत दिसत नाही, कारण मापक केवळ हवेतला आवाज मोजतो.

रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट 2016 मध्ये आला तेव्हा मुंबईच्या मिरवणुकीतील हे वाद्य देशभर पडद्यावर दिसले. विदर्भातील उरुसांत आणि कव्वालीच्या बैठकींत त्याला पडद्याची गरज कधीच नव्हती. तेथे बेंजो हार्मोनियमच्या शेजारी मांडीपुढे असतो, त्याची वायर एका लहान अॅम्प्लिफायरपर्यंतच जाते, आणि गायकाने ओळ दुसऱ्यांदा उचलली की वादक वाद्याच्या कडेची आवाजाची कळ किंचित फिरवतो. पुढची साखळी आहे तशीच राहते.