बेरोजगारीचा भार आणि मालकाचे विवरणपत्र : सोलापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सोलापूर हे गिरणगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने येथे 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' उभी राहिली. लोकांच्या तोंडी ती 'जुनी गिरणी' झाली. या शहराच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन बहुधा उत्पादन, संप आणि स्वातंत्र्य चळवळ या अंगांनी झाले आहे. कामगाराचे काम सुटल्यावर त्याचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत निबंधात त्या प्रश्नाचा विचार मालकाने शासनाला सादर करावयाच्या विवरणपत्राच्या अंगाने केला आहे.

उद्दिष्टे

१) जुन्या गिरणीच्या टाळेबंदीतून निर्माण झालेल्या कायदेशीर परिवर्तनाचा आढावा घेणे.
२) व्यवसाय कर व रोजगार हमी यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३) अमेरिकेतील बेरोजगारी कराच्या वार्षिक विवरणपत्राशी त्याची तुलना करणे.

जुनी गिरणी आणि १९५० चा कायदा

२७ जुलै १९४९ रोजी जुन्या गिरणीच्या संचालकांनी गिरणी बंद करण्याची सूचना कामगारांना दिली आणि २७ ऑगस्ट १९४९ रोजी ती प्रत्यक्षात बंद झाली. ऑक्टोबर १९४९ मध्ये केंद्र शासनाने नियंत्रक नेमला. ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम निघाला व त्याच वर्षी त्याचे संसदीय कायद्यात रूपांतर झाले. गैरव्यवस्थापनामुळे आवश्यक वस्तूच्या उत्पादनावर विपरीत परिणाम झाला आणि समाजाच्या एका वर्गात गंभीर बेरोजगारी निर्माण झाली, अशी दोन कारणे त्या कायद्याच्या उद्देशिकेत नमूद होती. एका शहरातील एका गिरणीच्या कामगारांची बेरोजगारी संसदेच्या कायद्याचे कारण ठरावी, ही घटना असाधारण म्हणावी लागेल.

या कायद्याला भागधारकांनी आव्हान दिले. चिरंजितलाल चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी याचिका फेटाळली. परंतु शासननियुक्त संचालकांनी अधिमान भागांवरील न भरलेल्या रकमेची मागणी केल्यावर उद्भवलेल्या द्वारकादास श्रीनिवास खटल्यात डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने हा कायदा मालमत्तेच्या मूलभूत हक्काच्या विरोधी ठरविला. पुढे १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने मर्यादित काळासाठी व्यवस्थापन ताब्यात घेण्यास संरक्षण दिले. या साऱ्या वादात भागधारकाच्या हक्काची सखोल चिकित्सा झाली. ज्याच्या नावाने कायदा झाला, तो कामगार मात्र या खटल्यांत पक्षकार नव्हता.

याच सुमारास, २४ ऑक्टोबर १९५३ पासून औद्योगिक विवाद कायद्यात कामबंदी व कामगारकपातीच्या भरपाईची तरतूद आली. कामबंदीच्या काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम आणि कपात झाल्यास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, असे तिचे स्वरूप होते. म्हणजे भार त्या त्या मालकावर पडला. ज्या मालकाची तिजोरी रिकामी झाली, त्याच्याकडूनच ती रक्कम वसूल करावयाची, ही या व्यवस्थेतील मूलभूत उणीव होय.

व्यवसाय कर आणि रोजगार हमी

बेरोजगारीसाठी सर्वांकडून निधी उभारण्याचा विचार महाराष्ट्रात शेतीच्या अंगाने आला. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली. सोलापूर जिल्हा तर दुष्काळाचा कायमचा सोबती. योजनेला स्थिर उत्पन्न हवे, म्हणून १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. त्यात रोजगार हमी निधी, करांच्या उत्पन्नाइतकेच राज्याचे अंशदान आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास दररोज किमान एक रुपया बेकारी भत्ता, अशा तरतुदी होत्या.

या कराने मालकाला करवसुलीचे काम दिले. त्याने नोंदणी प्रमाणपत्र घ्यावयाचे, वेतनातून कर कापावयाचा, चलनाने भरावयाचा आणि विवरणपत्र सादर करावयाचे. ज्यांची कर जबाबदारी विहित मर्यादेच्या आत आहे, त्यांचे विवरणपत्र वार्षिक असते. त्यात मार्च ते फेब्रुवारी या काळातील वेतनाचा हिशेब येतो व ते ३१ मार्चपर्यंत द्यावयाचे असते. वेतनगटनिहाय कर्मचाऱ्यांची संख्या, कराचा दर, एकूण कर आणि भरणा यांचा मेळ त्यात घालावा लागतो. कर कापला नसला तरी तो भरण्याचे दायित्व मालकावर राहते. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने घातलेली वार्षिक २५० रुपयांची कमाल मर्यादा १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने २,५०० रुपये झाली. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, ही प्राध्यापकवर्गाला वेतनपत्रकातून परिचित असलेली कपात याच मर्यादेला जाऊन भिडते.

अमेरिकेतील विवरणपत्राशी तुलना

अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून बेरोजगारी विमा आला. तेथील मालक दरवर्षी 'फॉर्म ९४०' हे विवरणपत्र भरतो. प्रत्येक कामगाराच्या पहिल्या ७,००० डॉलर वेतनावर ६ टक्के संघीय कर असतो. राज्याच्या बेरोजगारी निधीत वेळेवर अंशदान भरल्यास ५.४ टक्क्यांपर्यंत सूट मिळते व प्रत्यक्ष दर ०.६ टक्के उरतो. हा कर मालकाचा असून तो कामगाराच्या वेतनातून कापता येत नाही. शिवाय अनेक राज्यांत ज्या मालकाचे कामगार अधिक प्रमाणात बेकार होतात, त्याचा राज्य अंशदानाचा दर वाढतो. म्हणजेच कामावरून कमी करण्याची किंमत मालकाच्या हिशेबात उमटते.

महाराष्ट्राच्या विवरणपत्रात असे काही उमटत नाही. या महिन्यात शंभर कर्मचारी होते, पुढील महिन्यात साठ उरले, एवढेच त्यातून कळते. उरलेल्या चाळिसांचे काय झाले, याचा रकाना तेथे नाही.

शहरी कामगाराचे स्थान

रोजगार हमीचे क्षेत्र ग्रामीण भाग व 'क' वर्ग नगरपरिषदांपुरते होते. १९६४ मध्ये महानगरपालिका झालेले सोलापूर त्याबाहेर राहिले. परिणामी ज्याचे वेतन करपात्र होते, अशा गिरणी कामगाराने हमीच्या निधीला हातभार लावला, परंतु गिरणी बंद पडल्यावर त्या हमीवर त्याचा हक्क उरला नाही. शहराने खेड्याचा भार उचलावा, हे तत्त्व न्याय्यच होते. सोलापूरच्या अनेक कामगारांचे आप्त अवर्षणग्रस्त गावांतच होते. प्रश्न खेड्याला दिल्याचा नसून शहरी बेकाराला वगळल्याचा आहे.

१ एप्रिल २००५ पासून कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेने, कारखाना बंद पडल्यास वा कपात झाल्यास, विमाधारकाला बेकारी भत्ता देऊ केला. परंतु तोपर्यंत सोलापूरचे वस्त्रकाम मोठ्या गिरण्यांतून विखुरलेल्या यंत्रमागांकडे आणि स्त्रियांचे काम घरोघरच्या विडी वळण्याकडे गेले होते. जेथे हजेरीपटच नीट नाही, तेथे विमा पोहोचणे कठीणच.

निष्कर्ष

१) बेरोजगारी हे कायद्याचे कारण म्हणून सोलापूरने १९५० मध्येच देशापुढे मांडले, मात्र उपाय व्यवस्थापनाच्या ताब्यापुरता राहिला.
२) १९५३ च्या तरतुदीने भार एकेका मालकावर टाकला, तर १९७५ च्या कराने तो वेतनधारकांवर विभागला.
३) व्यवसाय कराचे विवरणपत्र महसुलाचे साधन राहिले. काम गेलेल्या माणसाची नोंद त्यात झाली नाही.
४) म्हणून शहरी बेकारासाठी निधी उभारताना कामावरून कमी झालेल्यांची नोंद विवरणपत्रातच असावी, हा सोलापूरच्या अनुभवाचा बोध होय.